सुक्याची पिशवी ओल्या ढिगावर. मग वेगळं करून द्यायचं कशाला?

दोन_बादल्या (लातूर जिल्हा)

आमचं तालुक्याचं गाव, नगरपरिषद आहे. तीन वर्षं झाली, मी हिरव्या बादलीत ओला आणि निळ्या बादलीत सुका कचरा टाकते. दुधाची पिशवी धुऊन दोरीवर चिमटा लावून वाळवते, म्हणून सासूबाई म्हणतात, "आता तिला इस्त्री पण कर."

गेल्या मंगळवारी लेकराला शाळेत सोडलं आणि स्कूटी गावाबाहेरच्या कचरा डेपोकडं घातली. सहज नाही, मुद्दामच. सुक्या कचऱ्याच्या पिशवीचं तोंड मी जुन्या साडीच्या काठाची चिंधी फाडून बांधते. हिरवा काठ, त्यावर लाल बुट्टी. माझी ती पिशवी तिथं ढिगावर पडलेली, गाठ जशीच्या तशी. तिच्यावर टरबुजाच्या साली, आणि एक गाय साली ओढायली. पाच मिनिटं नुसती बघत उभी राहिले.

गाडीला मधून पत्रा आहे, दोन कप्पे आहेत. भोंग्यावर 'ओला कचरा, सुका कचरा' गाणं रोज वाजतं. मग हे काय? बंद करावं का सगळं? ओला तरी घरीच जिरवावा म्हणते, पण नळाला पाणी आठ दिवसांनी, आणि एप्रिलात ऊन 42 अंशांवर. खताला पाणी कुठून आणू?

जुना_निरीक्षक

ताई, बंद करू नका. मी वीस-बावीस वर्षं याच खात्यात काढली, स्वच्छता निरीक्षक म्हणून निवृत्त झालो.

2016 च्या घनकचरा नियमांत घरानं ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन जागी वेगळा करून द्यायचा, आणि नगरपरिषदेनं तो वेगळाच उचलायचा, असं दोन्हीकडचं काम तेव्हाच लिहून ठेवलं होतं. निम्मं तुम्ही केलंत, उरलेलं निम्मं मागायचा तुम्हाला हक्क आहे.

घोळ कुठं होतो सांगतो. बऱ्याच ठिकाणी ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात. गाडी काट्यावर चढली की काटा विचारत नाही, आत भाजीचे देठ आहेत की गटारीतली माती. वेगळं आणलं काय, कालवून आणलं काय, बिल तेवढंच. उलट पुठ्ठा आणि बाटल्या म्हणजे जागा फार, वजन काही नाही. त्यासाठी दुसरी फेरी कोण मारणार?

तोंडी तक्रारीनं काही हलत नाही. माहिती अधिकारात अर्ज टाका. आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांच्या आत लागतो, 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट चालतं, उत्तराला 30 दिवस. 'कचरा का उचलत नाही' असं विचारू नका, त्याला गुळगुळीत उत्तर येतं. मागच्या तीन महिन्यांत ओला किती टन खताच्या खड्ड्यात गेला आणि सुका किती किलो विकला, त्याच्या वजन नोंदवहीची आणि विक्री पावत्यांची प्रत मागा. पावती नसेल तर तेच तुमचं उत्तर.

नारेगाव_रोड

आमच्याकडं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, हे सगळं होऊन गेलंय. नारेगावला तीसेक वर्षं कालवलेला कचरा पडत होता. फेब्रुवारी 2018 मध्ये आसपासच्या गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या त्या अडवल्याच. पुढच्या महिन्यात गाड्या शहराजवळच्या मिटमिट्याला नेल्या, तर तिथं दगडफेक, लाठीमार. वास मारणारा ढीग आपल्या वेशीवर कोण घेईल? चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल इथली प्रक्रिया केंद्रं त्यानंतरची. तुमच्या गावचा ढीग अजून लहान आहे तोवर बोलून घ्या.

तुराटी

घरी जिरवायचं तर पाण्याचं टेन्शन घेऊ नका. आपल्या बापजाद्यांनी नळ नसताना उकिरडे केलेत.

डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी पुरतं. तळाला तुराट्यांचे बोटभर तुकडे वीतभर अंथरा, हवा खेळती राहते. वर ओला कचरा, आणि दर थराला दोन मुठी सोयाबीनचं भुसकट, पसाभर जुनं शेणखत. भुसकट विसरलात की चिलटं आणि वास, हमखास. मूठ दाबून बघायची. हाताला ओल लागली पाहिजे, पाणी गळता कामा नये. वरून ओलं गोणपाट आणि कडुलिंबाखालची सावली. आठवड्याला एकदा उलथा. दोन-तीन महिन्यांत काळं, भुसभुशीत होतं. शिळी भाकर मात्र त्यात घालू नका, उंदीर येतात. ती गायीला द्या, म्हणजे ती तुमच्या पिशवीवर जाणार नाही 😄

दोन_बादल्या

सगळ्यांचे आभार. अर्ज लिहिलाय, 131 शब्द झाले.

आणि एक सांगायचं राहिलं. काल गाडीवरच्या दादांना थांबवून चहा दिला, पिशवीचं विचारलं. भांडायच्या तयारीनंच गेले होते. त्यांनी पत्र्यापलीकडचा कप्पा दाखवला. तिथं दोन पोती लटकवलेली, एकात बाटल्या, एकात पुठ्ठा. वाटेतच निवडून भंगारवाल्याला घालतात, त्यावर त्यांचा चहापाण्याचा खर्च निघतो. मी म्हटलं, मग माझी पिशवी का नाही निवडली? तर म्हणाले, "ताई, तुमच्या पिशवीला गाठ असती. एवढी गच्च, की सोडूस्तोर पुढच्या चार घरची माणसं वरडायलेत. आन आत काय हाय कळत नाही." अंगठा दाखवला, ब्लेडनं कापलेला, वर काळी पट्टी. हातमोजे विचारले तर हसले नुसते.

तीन वर्षं मी काठाची चिंधी बांधत होते! आजपासून सुकं उघड्या बादलीत, काच आणि ब्लेड वेगळ्या डब्यात, वर लिहून.

@जुना_निरीक्षक काका, हातमोज्यांचं त्याच अर्जात घालता येईल का?

जुना_निरीक्षक

नाही, विषय एकच. दुसरा अर्ज करा, हातमोजे आणि गमबूट किती खरेदी झाले, कुणाला वाटले, सह्यांची यादी मागा. आणखी एक 10 रुपयांचं तिकीट.

दोन_बादल्या

@तुराटी दादा, घरात एक फुटका रांजण पडलाय. त्यात जमेल का? भोक पाडावं लागेल ना खाली?

तुराटी

फुटका म्हणताय ना? मग भोक कशाला पाडता.