अनुभव धागा : दुसऱ्या विद्यापीठातून सोलापुरात प्रवेश घेताना

पुणे, लातूर, तुळजापूर, कलबुर्गी, विजयपूर इथं एखाद-दोन वर्षं शिकून सोलापुरात कॉलेज घ्यायचं ठरवणारी मुलं दरवर्षी असतात. कुणावर घरची जबाबदारी येते, कुणाला पुण्याचं भाडं झेपत नाही, कुणाला विषयच बदलायचा असतो. जून-जुलैत ही मुलं एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरत राहतात, कारण कुठला कागद आधी आणि कुठला नंतर हे त्यांना कुणी सांगत नाही. ज्यांच्या हाताखालून हे काम जातं त्यांनी इथं लिहावं. आपली कहाणी नको, पुढच्याला उपयोगी पडेल असं नेमकं लिहा.

कॉलेजच्या कार्यालयात प्रवेशाचं टेबल सांभाळणारे

सगळ्यात महत्त्वाचं आधी : टीसी शेवटी काढायची. टीसी निघाली की जुन्या कॉलेजच्या रजिस्टरमधून नाव कमी होतं. इकडं जागा मिळाली नाही किंवा विषय जुळले नाहीत, तर पुन्हा नाव लावून घेणं फार अवघड जातं. दरवर्षी एखादं तरी लेकरू टीसी हातात घेऊनच चौकशीला येतं आणि ते बघून पोटात कालवतं.

आधी इथल्या कॉलेजात त्या वर्गाला जागा आहे का ते विचारा. मंजूर तुकडीतून नापास झालेले आणि सोडून गेलेले वजा झाले की जागा निघतात, म्हणून दुसऱ्या वर्षाचा खरा आकडा निकाल लागल्यावरच कळतो. मे महिन्यात 'आहे जागा, या' असं कुणी तोंडी सांगितलं तरी त्यावर विसंबू नका. जागा आहे म्हटल्यावर अभ्यासक्रम विभागप्रमुखांकडून तपासून घ्यायचा आणि त्यांचा शेरा लेखी घ्यायचा. मग प्रवेश द्यायला हरकत नाही असं नव्या कॉलेजचं पत्र, ते दाखवून जुन्या कॉलेजचं ना हरकत, त्यावर विद्यापीठाची परवानगी. इतकं झालं की टीसी आणि मायग्रेशन (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला).

टीसी खिडकीवरच वाचा. नाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, शेवटची परीक्षा कुठली आणि तिचा निकाल, फी बाकी नसल्याचा उल्लेख, सही, शिक्का, जावक क्रमांक. 'द्वितीय वर्षात शिकत होता' असं लिहिलं आणि प्रवेशच घेतलेला नसला, तर नवं कॉलेज त्या वर्षाचा हिशेब मागणार. तिथल्या तिथं दुरुस्त होतं. सोलापूरला आल्यावर लक्षात आलं तर एक फेरी वाढते.

मायग्रेशन फक्त विद्यापीठ बदललं तर लागतं. आपलं पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ एका जिल्ह्यापुरतं आहे, त्यामुळं बार्शी, पंढरपूर, सांगोला, मंगळवेढा इथून येणाऱ्याला मायग्रेशनची गरज नाही. तुळजापूर मात्र इथून पंचेचाळीस किलोमीटरवर असूनही छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात मोडतं. तिथून येणाऱ्यांची 'जवळच तर आहे' म्हणून नेहमी फसगत होते. जतचं कॉलेज कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडं, लातूरचं नांदेडकडं.

विज्ञान शाखेतले विभागप्रमुख

वर लेखी शेऱ्याचा उल्लेख आलाय, त्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण बहुतेक अर्ज इथंच अडतात.

समकक्षता, म्हणजे जुना आणि नवा अभ्यासक्रम जुळतो का, हे ठरवताना विषयाचं नाव बघत नाहीत, आतले घटक, तास आणि श्रेयांक (क्रेडिट) बघतात. म्हणून नुसती गुणपत्रिका घेऊन येऊ नका. प्रत्येक सत्राचा छापील अभ्यासक्रम, ज्या वर्षी तुम्ही तो पेपर दिलात त्याच वर्षाचा, जुन्या कॉलेजच्या शिक्क्यासह आणा. संकेतस्थळावर बऱ्याचदा नवाच अभ्यासक्रम असतो आणि जुना काढलेला असतो. जो वर्ग सोडताय त्याचा अभ्यासक्रम त्याच वेळी उतरवून ठेवा.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात, म्हणजे सत्राला साधारण २० ते २२. पण ही बेरीज जुळली म्हणून काम झालं असं समजू नका. श्रेयांक खात्यांत वाटलेले असतात : मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय), कौशल्याचे, भाषेचे, मूल्यशिक्षणाचे, भारतीय ज्ञान परंपरेचे. मेजरचे ८ हवेत तिथं ६ असतील तर ओपन इलेक्टिव्हचे जास्तीचे २ तिकडं वळवता येत नाहीत. तेवढा पेपर खालच्या सत्राचा म्हणून नव्यानं द्यावा लागतो आणि तोही चालू सत्राच्या पेपरांबरोबर. असे किती पेपर अंगावर येतात ते प्रवेशाआधी कागदावर लिहून घ्या. एक-दोन असतील तर निभावतं. चार-पाच असले, तर माझं स्पष्ट मत असं की जुन्या ठिकाणीच पदवी पूर्ण करून एमएस्सीला इकडं यावं. पदव्युत्तरला असली जुळवाजुळव नसते आणि विद्यापीठाच्या केगावच्या आवारात रसायन, भौतिक, संगणक, भूशास्त्र, सामाजिक शास्त्रं अशी स्वतंत्र संकुलं आहेत.

मायनरचा घोळ वेगळा. पुण्यातल्या मोठ्या कॉलेजात मायनर म्हणून मिळालेला विषय इथल्या कॉलेजात शिकवतच नसतील तर पुढचं सत्र कुठं करणार? हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारा. आणि स्वायत्त कॉलेजांचं लक्षात ठेवा. संगमेश्वर कॉलेज स्वायत्त आहे, म्हणजे त्यांचा अभ्यासक्रम त्यांचा स्वतःचा. एकाच विद्यापीठातल्या संलग्न कॉलेजातून स्वायत्त कॉलेजात जाताना मायग्रेशन लागत नाही, पण समकक्षता लागतेच.

प्रॅक्टिकलची प्रमाणित जर्नल्स फेकू नका. कुठले प्रयोग झालेत याचा तोच पुरावा.

एक पालक, अक्कलकोट रोड

मुलीचा एबीसी आयडी (श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) पुण्याच्या कॉलेजनं काढला होता. इथं नवा काढायचा का? आणि पीआरएन तोच चालेल?

विद्यापीठाच्या कामकाजाची माहिती असलेले

ताई, एबीसी आयडी नवा काढायचा नाही. तो बारा अंकी क्रमांक मुलीचा आहे, कॉलेजचा नाही. डिजिलॉकरमध्ये उघडून बघा, जुन्या विद्यापीठानं सगळ्या सत्रांचे श्रेयांक जमा केलेत का. एखादं सत्र दिसत नसेल तर टीसी काढायच्या आधी तिथल्या परीक्षा विभागाला अर्ज द्या, बाहेर पडल्यावर पाठपुरावा जड जातो. जमा झालेले श्रेयांक सात वर्षं चालतात. फक्त एक अट आहे : जी संस्था पदवी देणार तिथं किमान निम्मे श्रेयांक मिळवलेले असले पाहिजेत. त्यामुळं शेवटच्या वर्षाला बदली मागणाऱ्यांचं गणित बसत नाही.

पीआरएन मात्र बदलतो. विद्यापीठ नवं, तर नोंदणी क्रमांक नवा. तो मिळाल्याशिवाय परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही, म्हणून पात्रतेचं (एलिजिबिलिटीचं) प्रकरण कॉलेजनं विद्यापीठाकडं कधी पाठवलं त्याची तारीख विचारून ठेवा. सुरुवातीला पात्रता तात्पुरती मिळते. मूळ मायग्रेशन जमा झाल्यावर ती कायम होते, आणि कायम झाली नाही तर पेपर देऊनही निकाल राखून ठेवतात. मायग्रेशन जमा करण्याआधी त्याची साक्षांकित प्रत जवळ ठेवा.

पुण्याच्या कामाला मुक्काम लागत नाही. सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं जायचं, संध्याकाळच्या हुतात्मानं परत. जाताना गुणपत्रिकांच्या मूळ प्रती, आधार, फी पावत्या आणि अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवकचा शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

दाखले आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारे

नावाबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि सोलापुरात तर ही अडचण रोजची आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आधारवर स्वतःचं नाव आधी. हा नुसता क्रम बदलला तर चालतं. कर्नाटकातून येणाऱ्यांच्या गुणपत्रिकेवर पुष्कळदा नाव आणि पुढं-मागं एक-दोन आद्याक्षरं एवढंच असतं, आडनाव नसतंच. आपल्याकडच्या तेलुगू घरांत घराण्याचं नाव एका कागदावर पुढं, दुसऱ्यावर मागं, तिसऱ्यावर गायब. अशा वेळी ऑनलाइन अर्ज आधारशी जुळत नाही. आद्याक्षरांचा विस्तार सांगणारं प्रतिज्ञापत्र करून घ्या. स्पेलिंगच वेगळं असेल तर आधी आधार दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणं करून घ्या, उलटं करायला जाऊ नका. दहावीचा कागद बदलणं फार किचकट आहे.

मध्ये वर्ष वाया गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. त्या काळात दुसरीकडं कुठं प्रवेश घेतला नव्हता हे वाक्य त्यात हवंच.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर ३१ मार्चला संपतात. एप्रिलमध्येच अर्ज करा, जूनमध्ये गर्दीत दिवस जातात. कर्नाटकातला जातीचा दाखला इथं आरक्षणाला चालत नाही, हे त्या बाजूच्या मुलांनी फी ठरवण्याआधी ध्यानात घ्यावं.

शिष्यवृत्तीचं काम बघणारे

महाडीबीटीवर, म्हणजे शिष्यवृत्तीच्या सरकारी संकेतस्थळावर, नवं खातं उघडू नका. आधार एकच असल्यानं दुसरं खातं अडकतं आणि जुनंही तपासणीत जातं. जुन्याच लॉगिनमधून चालू अभ्यासक्रमात नवं कॉलेज टाका. जुन्या कॉलेजकडं मागच्या वर्षाचा हप्ता अडकला असेल तर तो तिथल्या लॉगिनमधून मंजूर होईपर्यंत मागं लागा. बँक खातं आधारशी जोडलेलं असावं, नाहीतर मंजूर झालेली रक्कमही परत जाते.

व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या मुलींसाठी : जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरांतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे, पण प्रवेश केंद्रीभूत फेरीतून (कॅप राउंडमधून) झालेला पाहिजे. कॉलेज बदलताना व्यवस्थापन कोट्यातली जागा घेतली तर ही सवलत हातची जाते. सही करण्याआधी जागा कुठल्या कोट्यातली ते विचारा, पावतीवर बघा.

अभियांत्रिकीचे प्राध्यापक

डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांची वाट वेगळी. ती राज्याच्या सीईटी (सामायिक प्रवेश परीक्षा) कक्षाच्या प्रवेश फेऱ्यांतून जाते. डिप्लोमाला किमान ४५ टक्के, महाराष्ट्रातल्या राखीव प्रवर्गांना ४०. बीएस्सीवाल्यांनाही येता येतं, बारावीला गणित हवं. त्यांना इंजिनिअरिंग ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स हे पहिल्या वर्षाचे दोन विषय दुसऱ्या वर्षाबरोबर सोडवावे लागतात.

डिप्लोमावाली मुलं हाताच्या कामात पुढं असतात आणि तिसऱ्या सत्राच्या गणितात अडकतात. कारण साधं आहे : पहिल्या वर्षाचं कॅल्क्युलस आणि मॅट्रिक्स त्यांनी केलेलं नसतं आणि वर्ग सुरू होताना ते येतं असं धरून चालतात. शिवाय फेऱ्या लांबल्या की ही मुलं वर्ग सुरू झाल्यावर येतात. प्रवेशाची यादी लागण्याची वाट न बघता जूनमध्येच आंशिक अवकलन, मॅट्रिक्सची रँक आणि साधी डिफरन्शियल समीकरणं उरकून ठेवा.

पदवीच्या पहिल्या वर्षानंतर कॉलेज बदलणाऱ्यांनी शाखा आणि कॉलेज एकदम बदलायचा हट्ट धरू नये. आपलं वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी स्वायत्त आहे, तिथला अभ्यासक्रम पुणे विद्यापीठापेक्षा वेगळा, त्यात शाखाही बदलली तर खालचे पेपर दुप्पट होतात.

वसतिगृहाच्या रेक्टर

मुलांनो, खोली बघताना आधी पाणी बघा. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही, मध्ये काही दिवस जातात. मालकाला विचारायचे प्रश्न : पाणी किती दिवसांनी येतं, टाकी किती लिटरची, तिच्यावर किती मुलं, बोअर आहे का, टँकर आणला तर पैसे कोण देणार. हजार लिटरच्या टाकीवर दहा मुलं आणि चार दिवसांनी पाणी, म्हणजे माणशी दिवसाला पंचवीस लिटर. त्यात अंघोळ आणि कपडे होत नाहीत.

दुसरं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा ४२च्या वर जातो आणि परीक्षा त्याच दिवसांत. वरच्या मजल्यावरची पत्र्याची खोली स्वस्त असते, पण तिथं दुपारी अभ्यास होत नाही. पाचशे रुपये जास्त देऊन खालच्या मजल्यावर राहा.

जागा कॉलेज बघून घ्या. संगमेश्वर सातरस्त्याला, दोन्ही वालचंद कॉलेजं (अभियांत्रिकीचं आणि कला-शास्त्राचं) अशोक चौकात, विद्यापीठ केगावला पुणे रस्त्यावर. जुळे सोलापुरात राहून केगावला जायचं तर रोज सगळं शहर ओलांडावं लागतं. विद्यापीठात शिकणाऱ्यांनी बाळे किंवा पुणे नाक्याकडं बघावं. शहर बसच्या भरवशावर सकाळचं प्रॅक्टिकल ठेवू नका. गावाहून ये-जा करणार असाल तर एसटीचा विद्यार्थी पास काढा, ६६.६७ टक्के सवलत आहे, बोनाफाइड लागतं.

जेवणाला भाकरी मिळेल अशी खानावळ पकडा. इथली ज्वारी आणि शेंगाचटणी महिनाभर चालते, रोज पाव-नूडल्स चालत नाही. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा असते, संक्रांतीच्या आसपास होम मैदानाकडचे रस्ते बंद होतात. त्या दिवसांत परीक्षा असेल तर तासभर आधी निघा.

रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र विद्यार्थी आणि पालक दोघांचंही द्यावं लागतं, मध्येच आलेल्यांनाही. मध्येच आलेलं मूल एकटं पडतं, हे बघवत नाही. काही त्रास झाला तर १८००-१८०-५५२२ हा देशपातळीवरचा मोफत क्रमांक आहे, लाजू नका.

मराठी विभागातल्या प्राध्यापिका

कन्नड माध्यमातून येणाऱ्या मुलांनी भाषेला घाबरू नये. वर्गात बाकावर तेलुगू, कन्नड, मराठी, दखनी सगळं ऐकू येतं. पण उत्तरपत्रिकेचं माध्यम प्रत्येक पेपरला विचारून घ्या. कला शाखेत शिकवणं मराठीत चालतं आणि टिपणंही मराठीतच मिळतात. इंग्रजीत लिहिणार असाल तर संदर्भ पुस्तकांची यादी पहिल्याच आठवड्यात मागा.

पहिला प्रतिसाद देणारे, पुन्हा

दोन गोष्टी राहिल्या. गुणपत्रिकांच्या मूळ प्रती तपासून परत द्यायच्या असतात, कॉलेजनं ठेवून घ्यायच्या नाहीत. यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा तसा नियम आहे. फी परतीचाही त्यातच आहे : प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी रद्द केलं तर पूर्ण फी परत, फार तर प्रक्रिया शुल्क कापतात. तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५०, पुढं काही नाही. म्हणून जुन्या कॉलेजात पुढच्या वर्षाची फी भरून ठेवली असेल तर रद्द करण्याचा अर्ज तारीख घालून द्या.

आणि मोठ्या वयात अर्धवट पदवी पुरी करायला येणारी माणसंही असतात. सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ ला सुरू झालं. त्याआधी इथल्याच कॉलेजात शिकलेला असलात तरी परीक्षा शिवाजी विद्यापीठाची होती, त्यामुळं गुणपत्रिकेची दुय्यम प्रत आणि मायग्रेशन दोन्ही कोल्हापूरहून आणावं लागेल. अर्जात सीट नंबर आणि परीक्षेचा महिना-वर्ष लिहा. ते आठवत नसेल तर आधी कॉलेजच्या जनरल रजिस्टरमधून उतारा घ्या.