बाबांचा पीएसए उतरला, पण इंजेक्शनाने की पुडीने?

नौपाडाकर
बाबा ७२ वर्षांचे. गेल्या वर्षी लघवीला अडखळायला लागलं म्हणून तपासलं तर प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. पीएसए (या आजाराचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ३८, बायोप्सीत ग्लीसन ८, म्हणजे आक्रमक प्रकार. रेडिएशन झालं, आता दर तीन महिन्यांनी हार्मोनचं इंजेक्शन. परवा औषधांचा डबा आवरताना तळाशी गुळवेलीच्या गोळ्या, गव्हांकुराची पावडर आणि एक काळपट पुडी सापडली. पुडीवर नाव नाही, गाव नाही. तलावपाळीवर फिरायला येणाऱ्या मित्राने वैद्य सुचवला म्हणे. आठ महिने चालू आहे आणि डॉक्टरांना पत्ता नाही. विचारलं तर मलाच सुनावलं, "पीएसए ०.४ वर आला तो काय उगाच?" आई म्हणते, घेऊ दे, मनाला बरं वाटतं. माझं म्हणणं एवढंच की घ्यायचं ते डॉक्टरांना सांगून घ्या, आणि ती पुडी आजच बंद. माझं चुकतंय का?

वाशीचा_पेन्शनर
थोडं चुकतंय. मी स्वतः याच आजाराचा पेशंट, म्हणून बाबांच्या बाजूने लिहितो. त्या इंजेक्शनाने काय होतं ते घेणाऱ्यालाच कळतं. रात्री दोनदा बनियन बदलावा लागतो. पाळी जाताना बायको पंखा वाढवायची तेव्हा मी कुरकुर करायचो, आता ती हसते. अंगातली ताकद जाते, आणि बाकी जे जातं ते इथे लिहीत नाही. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणतात, पीएसए छान आहे. अहो, पीएसए छान आहे, मी कुठे छान आहे? वैद्य पाऊण तास बसून झोप, भूक, पोट सगळं विचारतो. एकदा डॉक्टरांना काढ्याचं सांगितलं होतं. फाइलीतून मान वर न काढता "बंद करा" म्हणाले. का, ते नाही. त्यानंतर मी सांगणं बंद केलं, काढा नाही.

घोडबंदरची_फार्मासिस्ट
काका, घामाचं पटलं. पण पीएसएचं श्रेय पुडीला देऊ नका. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्येच दाखवलं, १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. इंजेक्शन तोच पुरवठा तोडतं, त्यामुळे पीएसए उतरणारच.

आणि समजा पुडीनेही उतरत असेल, तर मला जास्त भीती वाटेल. अमेरिकेत 'पीसी-स्पेस' नावाचं आठ वनस्पतींचं मिश्रण विकलं जायचं. पुरुष घ्यायचे आणि पीएसए खरोखर उतरायचा. डॉक्टरही चकित. मग तपासणीत त्यात डीईएस हे कृत्रिम स्त्री-हार्मोन निघालं, जे प्रोस्टेट कॅन्सरवर पूर्वी औषध म्हणूनच देत. शिवाय रक्त पातळ करणारं वॉरफरिन. २००२ मध्ये ते बाजारातून काढलं. म्हणजे गुण येत होता, पण झाडपाल्याचा नव्हे. बाबांना आधीच रक्त पातळ करायची गोळी चालू असेल आणि पुडीतही तेच असेल तर?

वाशीचा_पेन्शनर
अमेरिकेतली भेसळ आमच्या गुळवेलीच्या माथी का मारता? आणि तुमच्या दुकानातल्या व्हिटॅमिनच्या गोळ्यांचं काय? त्या तर कोणी लपवून घेत नाही.

घोडबंदरची_फार्मासिस्ट
बरं झालं काढलंत. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमने प्रोस्टेट कॅन्सर टळतो का, हे अमेरिकेत ३५ हजारांवर पुरुषांवर तपासलं. २०११ मध्ये निष्कर्ष आला की नुसतं व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांत हा कॅन्सर १७ टक्के जास्त. गोळीची झाडाझडती झाली म्हणून कळलं तरी. पुडीची कोणी केली? आणि गुळवेल म्हणाल तर २०२१ मध्ये आपल्या मुंबईच्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा झालेल्या सहा पेशंटची नोंद छापली.

कळव्याचा_लोकलवाला
ताई, दुसरी बाजूही सांगा की. २०१८ चा अमेरिकेतला अभ्यास आहे. उपचार नाकारून नुसत्या पर्यायी औषधांवर राहिलेल्यांत मृत्यूचा धोका अडीच पट. पण त्यात प्रोस्टेटवाल्यांपुरता ठळक फरक दिसलाच नाही! मग म्हाताऱ्या माणसाला कशाला छळायचं?

घोडबंदरची_फार्मासिस्ट
कारण हा आजार बैलगाडीने चालतो. पाच-साडेपाच वर्षांच्या पाहणीत फरक कुठून दिसणार? कमी ग्लीसनवाल्यांना डॉक्टर स्वतःच नुसती नजर ठेवायला सांगतात. ग्लीसन ८ त्यातलं नव्हे.

ऐरोलीची_वैद्य
मी बीएएमएस. दोन्हीकडून आमचीच धुलाई चाललीय म्हणून लिहिते. बिनलेबलची पुडी देणाऱ्याला वैद्य म्हणू नका. त्यात भस्म असेल तर शिसं-पारा किती, हे देणाऱ्यालाही सांगता येणार नाही. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे, तरी पाट्या लागतातच. माझ्याकडे असा पेशंट आला की आधी फाइल मागते, आणि इंजेक्शन चुकवू नका हे पहिलं वाक्य. बाकी पेन्शनर काका, थकव्यासाठी योगासनं करा. रेडिएशन चालू असलेल्या पुरुषांवर पेनसिल्व्हेनियात ती तपासलीत, थकवा कमी राहिला. थोडं वजन उचलायचा व्यायामही हवा, या इंजेक्शनाने हाडं ठिसूळ होतात. घामाचं मात्र डॉक्टरांना सांगाच, त्यावर गोळ्या आहेत.

वाशीचा_पेन्शनर
त्यावर गोळ्या आहेत? दोन वर्षांत मला कोणी बोललं नाही.

ऐरोलीची_वैद्य
तुम्ही सांगितलंत का त्यांना, की तेही लपवलंत?

नौपाडाकर
काल रात्री बाबांशी बोललो. भांडण झालंच. शेवटी एका अटीवर तयार झाले, मी केबिनच्या बाहेर बसायचं आणि ते एकटे सांगणार. पुडी आईने रिपोर्टच्या फाइलीत पिनेने टोचून ठेवलीय. पुढचं इंजेक्शन गुरुवारी.

वाशीचा_पेन्शनर
डॉक्टर काय म्हणाले ते लिहा. आणि रात्री घाम येतो का, हे बाबांना विचारून बघा. आपणहून नाही सांगायचे.