कार्यक्रमातली चर्चा हॅशटॅगवर: ज्यांना जमत नाही त्यांनी काय करायचं?

आडवाट:
हल्ली परिषद असो की परिसंवाद, निमंत्रणपत्रिकेवरच हॅशटॅग, म्हणजे सोशल मीडियावर त्या विषयाच्या पोस्टी एकत्र सापडाव्यात म्हणून # लावलेला शब्द, छापलेला असतो. 'प्रश्न तिथेच टाका' असं सूत्रसंचालक सांगतात, सगळे माना डोलावतात आणि बरेच जण मोबाइल खिशातून काढतही नाहीत. मग त्याच त्या चार-पाच जणांच्या प्रश्नांना उत्तरं मिळतात. ख्रिस मेसिना यांनी ऑगस्ट २००७ मध्ये ट्विटरवर हॅशटॅग सुचवला तेव्हा उदाहरण दिलं तेच मुळी बारकॅम्प या मेळाव्याचं. पण तिथे जमणारी मंडळी संगणकात मुरलेली! आपल्या श्रोत्यांचं तसं नसतं. माझं म्हणणं एवढंच, की सोशल मीडिया जरूर वापरा, पण मध्ये एक माणूस बसवा. त्याने चिठ्ठीवरचे प्रश्न टाइप करायचे, ऑनलाइन काय चाललंय ते अधूनमधून वाचून दाखवायचं आणि जेवणाच्या सुट्टीत त्यातलं निवडक छापून फलकावर लावायचं.

चष्मेवाला:
मुळात सभागृहातलं बोलणं चव्हाट्यावर न्यायचंच कशाला? वक्त्याच्या पाठीमागे पडद्यावर पोस्टी सरकत असतात, कुणीतरी खवचट शेरा मारतो, लोक हसतात आणि बिचारा वक्ता आपलं काय चुकलं म्हणून कागद चाळत बसतो. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेचा नियम १९२७ पासून आहे: ऐकलेलं वापरा, पण कोण बोललं ते बाहेर सांगू नका. माणसं मोकळेपणी बोलावीत म्हणूनच ना?

आडवाट:
अहो, तो नियम लागू असेल तर तसं आधी जाहीर करतात. खुल्या कार्यक्रमाला तो कशाला लावताय? पडद्याबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. तो आधी बंद करा.

मधली_सुट्टी:
एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? व्हॉट्सॲपचा ग्रुप काढा. ते सगळ्यांना येतं.

चष्मेवाला:
आणि सगळ्यांचे नंबर सगळ्यांना! दुसऱ्या दिवसापासून सुप्रभात आणि विम्याच्या जाहिराती.

मधली_सुट्टी:
फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सेटिंग असते की.

आडवाट:
मग ती चर्चा कसली, ती सूचनाफलकाची बहीण.

उशिरा_आलेली:
तुम्ही ज्यांच्याबद्दल बोलताय त्यांतली मी एक. 'जमत नाही' हे अर्धसत्य आहे. नातवंडांशी व्हिडिओ कॉल मी रोज करते. पण भाषण चालू असताना खातं उघडा, ओटीपीची वाट बघा, पासवर्ड ठरवा, तोवर विषय पुढे गेलेला असतो. शिवाय ट्विटरचं एक्स झालं आणि २०२३ पासून खातं नसेल तर तिथे हॅशटॅग शोधून नुसतं वाचायचीही सोय उरली नाही. तरी खरी अडचण ही नव्हेच. आपला बाळबोध प्रश्न आपल्या नावानिशी जगासमोर कायमचा राहणार, याची धास्ती असते. हात वर करून विचारलं की प्रश्न हवेत विरतो. तिथे टाकला की कुणीही कधीही उकरून काढतो. तेव्हा आम्हाला मोबाइल शिकवायचे वर्ग काढण्याआधी निनावी विचारायची सोय करा.

खटपट्या:
काकू, मुद्दा पटला. पण शिकवूच नका हे नाही पटत. नोंदणीच्या टेबलाशी एक जण बसवला आणि आत जाण्यापूर्वीच खातं उघडून दिलं तर पुढच्या कार्यक्रमाला तीच माणसं आपणहून लिहितील. कायम मध्यस्थ ठेवलात तर ती कायम त्याच्यावर अवलंबून राहणार.

उशिरा_आलेली:
राहू की! सभागृहात माइक फिरवणारा असतोच ना? त्याच्यावर अवलंबून राहिलं म्हणून कुणी नावं ठेवतं का?

चष्मेवाला:
माइकवाला तुमचा प्रश्न बदलत नाही. हा टाइप करणारा मात्र बदलेल. अडचणीचा प्रश्न गाळेल, लांबलेला कापेल, आयोजकांना टोचणारी चिठ्ठी तर हळूच खिशात घालेल. तो आयोजकांचाच माणूस असणार ना?

आडवाट:
ही शंका रास्त आहे. मग टाइप करूच नये. चिठ्ठ्यांना क्रमांक द्यायचे, नावाचा भाग दुमडायचा आणि फोटो काढून जशाच्या तशा टाकायच्या. क्रमांक मध्येच तुटला तर लोक विचारतीलच.

खटपट्या:
आणि अक्षर कुणाला लागलं नाही तर?

उशिरा_आलेली:
आमचं अक्षर लागतं हो. तुमच्या पिढीचं म्हणत असाल तर वेगळी गोष्ट.