क्वीन कव्हर झाली होती

सी-५०२ काकू: रात्री साडेअकराला मारामारीचा व्हिडिओ कुणी टाकला ग्रुपवर?? दोन माणसं पिंजऱ्यात बडवतायत एकमेकांना. आमचा नातू सकाळपासून धाकटीचा हात पिरगाळतोय

डी-६०३: काकू मी टाकला, सॉरी, जिमच्या ग्रुपवर जायचा होता. पण मारामारी नाही हो ती, यूएफसी म्हणजे ठोसे-कुस्ती सगळं चालतं अशा पिंजऱ्यातल्या फाइट्स भरवणारी कंपनी, तिची जुनी चॅम्पियनशिप आहे, २१ डिसेंबर १९९७, योकोहामा अरेना. जपानमधली त्यांची पहिलीच

सी-५०२ काकू: सॉरीच्या मागे ‘पण’ आला की काय ते मी समजते

ए-३०१: निकाल फिरवला तीच ना ही? मग आमचा कॅरमचा पण फिरवा. क्वीन कव्हर झाली होती. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

सेक्रेटरी: कृपया विषयांतर नको 🙏

बी-१०२: कसला निकाल? माझ्याकडे डाउनलोड होत नाहीये

डी-६०३: काझुशी साकुराबा म्हणून जपानी, मूळचा प्रो रेसलर, म्हणजे ठरवून केलेल्या कुस्त्यांतला. सेमीफायनलला समोर ब्राझीलचा मार्कस सिल्व्हेरा, अंगाने कितीतरी मोठा. त्याने ठोसे घातले, हा पाय धरायला खाली वाकला आणि रेफ्री जॉन मॅकार्थीला वाटलं कोसळला, थांबवली फाइट. साकुराबा म्हणे मी पडलोच नाही, पिंजऱ्यातून हलेचना, पब्लिक भडकलं. मग मॅकार्थीने टेप बघितली, निकाल रद्द. तिकडे दुसरा फायनलिस्ट टँक अॅबट हात दुखावून बाहेर, म्हणून फायनलला परत हेच दोघं, त्याच रात्री, आणि साकुराबाने ३ मिनिटं ४४ सेकंदांत आर्मबार (हात कोपरातून उलटा ताणायचा डाव) लावून जिंकली

ए-३०१: त्याच रात्री!!! आम्ही गणपतीपासून थांबलोय. क्वीन कव्हर झाली होती. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

खजिनदार: पंच मी होतो. स्ट्रायकर पण पॉकेटमध्ये गेला होता. पंचाचा निर्णय अंतिम असतो, नियमावली ग्रुपवर टाकली होती, कुणी वाचली नाही तो माझा दोष नाही

डी-६०३: साहेब मॅकार्थीचा पण अंतिमच होता

खजिनदार: मॅकार्थीला पैसे मिळत असतील. मला त्या दिवशी वडापाव पण उरला नव्हता

सी-१०१ अण्णा: ह्यात कुस्तीवाले असतात का रे? आमच्या कोल्हापूरच्या पोरांनी एकेकाला चीतपट केला असता

डी-६०३: अण्णा त्याच रात्री केव्हिन जॅक्सन होता, बार्सिलोना १९९२ चा कुस्तीचा गोल्ड. फ्रँक शॅमरॉकने १६ सेकंदांत टॅप करायला, म्हणजे हाताने थोपटून हार मानायला लावलं. आणि खाली पाडलं होतं जॅक्सननेच

सी-१०१ अण्णा: पाडलं आणि हरला??

डी-६०३: पाठीवर पडल्यापडल्या शॅमरॉकने हात अडकवला त्याचा

सी-१०१ अण्णा: म्हणजे आमच्यात पाठ टेकली की संपतं आणि ह्यांच्यात तिथून पुढे सुरू होतं. अवघड आहे. पण गोल्डवाल्याने हात देऊन बसायचं म्हणजे.. वस्ताद कोण होता त्याचा

डी-६०३: हेवीवेट टायटल मात्र कुस्तीवाल्यानेच घेतलं. रँडी कुटूर, मॉरिस स्मिथला पॉइंटवर हरवून

सी-१०१ अण्णा: हां. मग बरोबर

सी-५०२ काकू: आमचे जावई तिकडेच असतात, ते म्हणाले अमेरिकेत मॅकेन नावाचा सिनेटर ह्याला माणसांची कोंबडझुंज म्हणायचा, केबलवाल्यांनी दाखवणंसुद्धा बंद केलं होतं. आणि ते आपल्या ग्रुपवर

बी-१०२: कोंबड्यांवरून आठवलं, डी विंगच्या डक्टमध्ये हाडं टाकतात काही लोक, नाव घेत नाही

डी-२०१: घ्या की नाव. श्रावण पाळतो आम्ही, तुमच्यासारखं बाल्कनीत लपून नाही खात

सेक्रेटरी: कृपया 🙏🙏

ए-३०१: क्वीन कव्हर झाली होती. व्हिडिओ आहे माझ्याकडे.

खजिनदार: अहो मग टाका ना तो व्हिडिओ एकदाचा!! दोन महिने नुसतं आहे आहे

ए-३०१: टाकला

खजिनदार: ह्यात तुमचा अंगठाच दिसतोय फक्त

सी-५०२ काकू: 😂

सेक्रेटरी: ठीक आहे, रविवारी चारला क्लबहाऊसमध्ये फायनल परत. कॅरम बोर्ड कुणाकडे आहे?

डी-२०१: आमच्या गच्चीवर होता. परवाच्या पावसात फुगलाय