जुन्या, नव्याने सजवलेल्या भागात राहणारे, या आणि लिहा

धागाकर्ती:
मंडळी, शहराचा जुना भाग एकदा सुधारला की त्याचे फोटो सगळीकडे फिरतात, पण तिथे रोज राहतं कोण आणि कसं राहतं यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हा धागा. शक्यतो मध्यम आकाराच्या शहरांबद्दल लिहा. महानगरात असे चार-पाच भाग असतात, गर्दी वाटली जाते. मध्यम शहरात असा भाग बहुतेक एकच, त्यामुळे अख्ख्या शहराला पाहुणे फिरवायला तिथेच आणायचे असतात, कार्यक्रम तिथेच करायचे असतात आणि फोटोही तिथेच काढायचे असतात.

सुरुवात मीच करते. भाड्याने राहते, घर रस्त्याला लागून. सुशोभीकरणात दर्शनी भिंतींवर खालून वर दिवे सोडलेत, बाहेरून बघणाऱ्याला फारच सुंदर दिसतं. तो उजेड थेट माझ्या झोपायच्या खोलीच्या छतावर येतो. जाड पडदा लावावा तर हवा बंद, आणि बाहेरून झडप बसवायची तर दर्शनी भागाला हात लावायची परवानगी नाही. शेवटी दिव्यालाच पत्र्याची पट्टी लावून घेतली, त्यासाठी किती टेबलं फिरले ते विचारू नका. तरीही सोडून जावंसं वाटत नाही. सगळं पायी जाण्याच्या अंतरावर, भिंती जाड असल्याने उन्हाळ्यात घर लवकर तापत नाही, आणि रस्त्यावर सतत माणसांचा वावर असतो त्यामुळे रात्री उशिरा एकटीने परतताना भीती वाटत नाही.

ओलीचा_वैरी:
मस्त विषय काढलात ताई. माझा सगळा अनुभव एका शब्दात मावतो, ओल. आमचं घर विटांचं, चुन्यात बांधलेलं. आधीच्या मालकांनी घर विकायला काढण्यापूर्वी खालच्या भागाला सिमेंटचा गिलावा मारून वर चकचकीत रंग दिला होता. दिसायला एक नंबर. पुढे आतून पोपडे सुटायला लागले, भिंतीला लोणा लागला, हात फिरवला की पांढरी पूड हाताला यायची. होतं असं की चुन्याच्या भिंतीत पाणी शिरतं तसंच बाहेरही पडतं, ती मुळात अशीच बांधलेली असते. वरून सिमेंट थापलं की बाहेर पडायची वाट बंद, मग पाणी आत साठतं, जिथे फट सापडेल तिथून निघतं आणि येताना क्षार घेऊन येतं. क्षारांचे स्फटिक झाले की विटेचा पृष्ठभागच उडतो. सांध्यांमध्ये कडक सिमेंट भरलं तरी तोच प्रकार, सांधा टिकतो आणि वीट झिजते. खरं तर उलट व्हायला हवं, सांधा विटेपेक्षा मऊ पाहिजे, म्हणजे काय झिजायचं ते सांध्यानेच झिजावं, तो परत भरता येतो.

आम्ही सगळं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा केला. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत सावकाश घट्ट होतो, म्हणून घाई चालत नाही. पातळ थर, मग थांबा, मग दुसरा थर, कडक उन्हात ओली पोती लावून ठेवायची. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधणं हे मात्र घर शोधण्यापेक्षा अवघड निघालं.

ज्यांना कुणी "ओल आली, भिंतीत केमिकल सोडूया" म्हणून सांगतंय त्यांनी आधी पन्हळ बघा, पावसाच्या पाण्याचा पाइप बघा, बाहेरच्या जमिनीची पातळी बघा. बऱ्याच वेळा कारण तिथेच सापडतं.

तिसरा_मजला:
भिंती जाड म्हणून घर गार, हे खरं. त्याच भिंतींमुळे वायफाय पुढच्या खोलीतून मागच्या खोलीत जात नाही हेही तेवढंच खरं. घरभर केबल ओढलीय. सोफा जिन्यातून वर जाईना तेव्हा खिडकीची चौकट काढून दोरीने चढवला, अख्खी गल्ली बघायला जमली होती, कुणीतरी व्हिडिओपण काढला.

जुना_रहिवासी:
इथे बहुतेक जण सुधारणा झाल्यावर आलेले दिसतात. मी आधीपासूनचा. हा भाग पडीक म्हणायचे, रिक्षावाले यायला तयार नसायचे तेव्हापासूनचा. तुम्हा लोकांचा राग नाही, उलट तुम्ही आलात म्हणून ड्रेनेजची लाइन बदलली, रस्त्यावर दिवे आले. पण एक सांगतो. आमच्या रस्त्यावर चपला शिवणारा होता, घड्याळवाला होता, पिठाची गिरणी होती, एक छापखाना होता. आता तीन कॅफे आणि शोभेच्या वस्तूंची दुकानं. साधी ट्यूब बदलायची तर ती आणायला दुसऱ्या भागात जावं लागतं. शहरांवर लिहिणाऱ्या जेन जेकब्ज या बाईंनी 1961 मध्येच लिहून ठेवलंय की लहान धंद्यांना, नव्या कल्पनांना जुन्या इमारती लागतात, कारण तिथलंच भाडं परवडतं. इमारती राहिल्या हो, भाडं राहिलं नाही. माझं स्वतःचं घर आहे म्हणून मी टिकलो, समोरचे भाडेकरू गेले. करसुद्धा नव्या बाजारभावाने लागला, उत्पन्न तेच जुनं.

उंबरठा:
जुना_रहिवासी काका, पटलं. मी नंतर आलेल्यांपैकीच. तुमच्या प्रतिसादावरून आठवलं, इटलीत बोलोन्या शहराने 1970च्या दशकात जुन्या मध्यवर्ती भागाची दुरुस्ती सार्वजनिक घरबांधणीच्या योजनेतून केली होती, उद्देशच हा की तिथले कष्टकरी रहिवासी तिथेच राहावेत. म्हणजे आधीच्या माणसांना घालवल्याशिवाय दुरुस्ती होतच नाही असं काही नाही. आणि जुन्या शहरांच्या संवर्धनासाठी 1987 ची वॉशिंग्टन सनद आहे, तिच्यात रहिवाशांचा सहभाग आवश्यक म्हटलाय आणि घरं सुधारणं हे मूळ उद्दिष्टांपैकी एक म्हटलंय. आमच्याकडे बैठक झाली ती रस्त्याच्या फरशीचा रंग कोणता यावर. घरांच्या आतल्या संडासाचा विषय कुणी काढला तर "तो खाजगी विषय आहे" असं उत्तर मिळालं.

चाकांवर_आई:
मी वेगळं लिहिते. माझी आई व्हीलचेअरवर असते. आमच्या रस्त्यावर गोटे बसवलेत, मूळ रस्ता तसाच होता म्हणे. त्याच्यावरून खुर्ची न्यायची म्हणजे तिच्या पाठीचे हाल. सगळे गोटे काढा असं माझं म्हणणं नाहीच, दोन्ही कडेला सपाट दगडाची अरुंद पट्टी बसवली तरी पुरे. बऱ्याच ठिकाणी अशा पट्ट्या असतात आणि मुद्दाम सांगितल्याशिवाय लक्षातही येत नाहीत. आमच्याकडे अर्ज केल्यावर एका बाजूला बसवली. आता तिच्यावर कॅफेवाल्यांच्या खुर्च्या असतात 😑

तिसरा_मजला:
वरच्याला +१. रस्त्याच्या तोंडाशी लोखंडी खांब आहेत, अँब्युलन्स यायची असेल तर ते काढता येतात, पण किल्ली कोणाकडे हे आमच्या इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. तुम्ही असाल तिथे आजच विचारून ठेवा, अगदी खरं सांगतोय.

जिना_नवा_की_जुना:
मी परवानग्यांवर लिहितो कारण त्यात बरेच केस पांढरे केलेत. आमचा मागचा लाकडी जिना कुजला होता, नवा करायचा होता. जुन्या इमारतींमधल्या कामाला परवानगी देणाऱ्या समितीचं म्हणणं, हुबेहूब जुन्यासारखा करा, कोरीवकामासकट. जुना कसा होता याचा एकही फोटो नाही, नकाशा नाही. मग कोरीवकाम आणायचं कुठून, मनानेच ना. आता जुन्या वास्तूंच्या संवर्धनाची 1964 ची व्हेनिस सनद, जिचे दाखले हीच मंडळी देतात, ती म्हणते की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे, आणि नवीन भर घालावीच लागली तर ती नवीन म्हणून ओळखू यावी. मी तेवढीच दोन कलमं छापून अर्जाला जोडली, सोबत साधा लोखंडी जिन्याचा आराखडा. मंजूर झाला. त्यामुळे नियमांना शिव्या घालण्याआधी ते नीट वाचा, कधीकधी ते आपल्याच बाजूचे असतात.

खिडक्यांचंही तसंच. जुन्या काचा आणि चौकटी बदलू देत नाहीत, आवाज तर सहन होत नाही. आतल्या बाजूने दुसरी खिडकी बसवायला बहुतेक ठिकाणी आडकाठी नसते, कारण मूळ खिडकीला धक्का लागत नाही आणि उद्या काढून टाकता येते. दोन काचांमध्ये जेवढं जास्त अंतर ठेवता येईल तेवढा आवाज कमी, टीचभर असलं तर उत्तमच. आणि चौकटीवरचा जुना रंग कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं, अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर बंदी आली तीच मुळी 1978 मध्ये. आधी तपासून घ्या, घासायचंच तर ओलं करून, आणि घरात लहान मुलं असतील तर त्यांना तेवढे दिवस दुसरीकडे ठेवा.

मध्यरात्रीची_बॅग:
पर्यटकांना रोजच्या भाड्याने दिल्या जाणाऱ्या घरांबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही?? आमच्या इमारतीत निम्मी घरं तशीच झालीत, खाली दाराला किल्लीच्या डब्यांची माळ लटकलीय, रात्री दोनला दगडी रस्त्यावरून बॅगांची चाकं खडखडत येतात मग जिन्यात मोबाइलचे टॉर्च मग आमचीच बेल वाजते कारण मजला चुकलेला असतो, आणि लाकडी जमिनीवर वर कुणी नुसतं चाललं तरी खाली ऐकू येतं हे त्या बिचाऱ्यांना माहीतच नसतं, त्यांची काय चूक. इमारतीच्या सभेला यायला शेजारीच उरले नाहीत ही खरी अडचण आहे, गच्चीची दुरुस्ती ठरवायची तर मालक तीन वेगवेगळ्या शहरांत. आम्ही शेवटी घर बदललं. नवीन जागी लिफ्ट आहे, पार्किंग आहे, शांतता आहे, आणि संध्याकाळी खाली उतरून करायचं काय हा प्रश्न आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांना धन्यवाद, वाचतेय. ओलीचा_वैरी, तुम्ही बाहेरच्या जमिनीच्या पातळीबद्दल लिहिलंत ते जरा समजावून सांगाल का? आमच्या शेजारचं घर विकाऊ आहे आणि मन होतंय.

ओलीचा_वैरी:
सांगतो ना. रस्ता नवीन करताना जुना थर न खणता वर फरशी बसवतात. दर वेळी थोडं थोडं करत रस्ता वर येतो आणि घर जागच्या जागी. उंबरा रस्त्याला टेकला की पावसाचं पाणी आत. याहून वाईट प्रकार तर वरून दिसतही नाही, तो म्हणजे जोत्यात हवा खेळायला जाळ्या ठेवलेल्या असतात, त्या फरशीखाली बुजतात. मग लाकडी जमिनीखालची हवा कोंडते आणि तुळयांची भिंतीत शिरलेली टोकं कुजायला लागतात. वरून काही कळत नाही, जमीन जरा दबल्यासारखी लागते एवढंच. आमच्याकडे भिंतीलगत फरशीची एक ओळ काढून खडीची चर केली, जाळ्या मोकळ्या झाल्या. तुम्ही घर बघायला जाल तेव्हा भर पावसात जा, भिंतीकडेच्या तुळईच्या टोकांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर किंमत त्या हिशोबाने बोला. विकणारे नाही म्हणाले तर समजून जा. आणि सामायिक भिंत असेल तर पलीकडच्यांकडूनही ती बघून घ्या, ते बहुतेक हौसेने दाखवतात, विकणाऱ्याबद्दलच्या तक्रारींसकट.