भिंतीच्या बुरशीने आईचा खोकला वाढतोय का?

ठाणेकर_नील: आमचा फ्लॅट सगळ्यात वरच्या मजल्यावर, पश्चिमेच्या भिंतीला दर पावसाळ्यात ओल येते आणि कपाटामागे काळी बुरशी धरते. आई त्याच खोलीत झोपते. पावसाळा सुरू झाला की तिला शिंका, खोकला, रात्री छातीत शिट्टी वाजल्यासारखा आवाज, आणि फलटणला मामाकडे गेली की बरं वाटतं. कोविडच्या वेळचा ब्लॅक फंगस तो हाच का? बहीण म्हणते विस्मरण, थकवा पण याच्यानेच होतो, डीटॉक्स करून घेऊ. खूप काळजी वाटतेय.

छातीची_डॉक्टर: नाही, तो म्युकर, वेगळीच बुरशी. २०२१ मध्ये तो झाला मुख्यतः शुगर हाताबाहेर गेलेल्यांना आणि स्टेरॉइड घेतलेल्यांना, आणि त्यात काळं दिसतं ते मेलेलं मांस. भिंतीवर बहुतेक क्लॅडोस्पोरियम, अस्परजिलस असले प्रकार असतात. त्यांचे बीजाणू श्वासातून आत जातात, अ‍ॅलर्जी असेल तर श्वासनलिका सुजून आवळतात, तीच शिट्टी. घरातली ओल आणि दमा-खोकला यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्येच मांडलाय. विस्मरणाबद्दल तसा पुरावा नाही, डीटॉक्सवर पैसे घालवू नका प्लीज. स्पायरोमेट्री करा, म्हणजे फुंकायची टेस्ट. इनहेलर नीट घेऊनही दमा आटोक्यात नसेल तर टोटल आयजीई (रक्तातली अ‍ॅलर्जीची पातळी) आणि अस्परजिलसची रक्ततपासणी, कारण एबीपीए म्हणून फुप्फुसातल्या अस्परजिलसच्या अ‍ॅलर्जीचा एक प्रकार असतो, एक्स-रे बघून त्याला टीबी समजतात आणि पेशंट उगाच टीबीच्या गोळ्या खात बसतो. आणि इनहेलरची सवय लागते हे कोणी सांगितलं तर ऐकू नका.

नागपूरची_मेघा: ओल फक्त भिंतीतच असते असं नाही हो. आमच्याकडे उन्हाळाभर कूलर, त्याच्या ताट्या ओल्याच्या ओल्या, टाकीत तेच पाणी. बाबांना कोरडा खोकला आणि जिना चढताना धाप, दम्याचं औषध चालू होतं पण फरक नाही, शेवटी सीटी स्कॅनमध्ये हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस निघाला, म्हणजे फुप्फुसाच्या आतच सूज. २०१७ च्या भारतीय रजिस्ट्रीत, म्हणजे पेशंटच्या नोंदींच्या अभ्यासात, आयएलडीच्या (फुप्फुसाला आतून सूज येणं, ते कडक होणं अशा आजारांच्या) १०८४ पेशंटपैकी ४७ टक्क्यांना हाच होता आणि त्यातले जवळजवळ निम्मे कूलर वापरणारे! कूलर असेल तर ताट्या बदला, पाणी काढून टाकी वाळवा, आणि घरी कोणाला धाप लागत असेल तर डॉक्टरांना कूलरबद्दल आपणहून सांगा, कोणी विचारत नाही.

सिव्हिलवाला: आतून पेंट मारून काही होणार नाही, पाणी बाहेरून येतंय. बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा, गच्चीचा कठडा बघून घ्या. मॉडेल बायलॉज म्हणजे सोसायटीच्या नमुना नियमांप्रमाणे बाहेरच्या भिंतीची आणि गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त होते, लेखी अर्ज द्या. तोवर कपाट वीतभर पुढे ओढा. बुरशी कोरडी झाडू नका, सगळी उडते, मास्क लावून साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा. आई खोलीत नको तेव्हा.

ठाणेकर_नील: अर्ज उद्याच देतो. डॉक्टर, आई हॉलमध्ये झोपली तर चालेल का?

छातीची_डॉक्टर: हॉल कोरडा असेल तर आजपासूनच. पण बोलताना धाप लागली किंवा ओठ निळसर दिसले तर अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच हॉस्पिटल.