मोहापासून पळायचं की त्याला तोंड द्यायचं?

सर्वांना ख्रिस्तात सलाम. जाणत्या बंधू-भगिनींकडून मदत हवी आहे.

बायबलमधल्या 1 करिंथ 6:18 मध्ये प्रेषित पौल जारकर्मापासून, म्हणजे लैंगिक पापापासून, पळ काढायला सांगतो. याकोब 4:7 मात्र सैतानाला अडवा म्हणतो. मालक पोटीफरच्या बायकोने गळ घातली तेव्हा योसेफ तिच्या हातात वस्त्र सोडून पळाला. प्रभू येशू मात्र अरण्यातल्या परीक्षेत सैतानापुढून पळाला नाही, तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातल्या वचनानेच उत्तर दिलं. दोन्ही बरोबर, हे मनाला पटतं. पण रोजच्या जगण्यात कधी काय करायचं?

रात्री एकटं असताना फोनवर नको ते समोर येतं, तिथे मला शंका नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, वचन आठवत बसायचीही वाट बघायची नाही. अडचण येते ती चारचौघांत. कामाच्या ठिकाणी जेवताना गैरहजर माणसाची निंदा सुरू होते. उठून गेलं तर ती चालूच राहते, बसून राहिलं तर आपलीही जीभ सैल सुटते. आणि अडवायला गेलं की मी इतरांपेक्षा बरा, हा गर्व हळूच आत शिरतो. मला तर तो निंदेपेक्षा घातक वाटतो.

1 करिंथ 10:13 प्रमाणे देव निभावण्याचा उपायही करतो, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. तो त्या क्षणी ओळखायचा कसा? तुम्ही अशा वेळी नेमकं काय बोलता, काय करता? आणि हे पाळकांना किंवा एखाद्या विश्वासू भावाला नियमित सांगत राहिल्याने फरक पडतो का? कृपया अनुभवातून सांगा.